भाच्याला कपडे नको, रिडीम कोड पाहिजे

आखाजीला (अक्षय तृतीयेला) बहीण माहेरी आली की भाच्याला कपडे घ्यायचे ही आमच्याकडची ठरलेली पद्धत, पण यंदा पोरगं म्हणे मामा कपडे राहू द्या, प्ले स्टोअरच्या पाचशेच्या गिफ्ट कार्डाचा कोड टाका. आईने ऐकलं आणि म्हणाली, "हाई कसानी भेट शे रे?" तिचं बरोबर आहे, हातात काहीच येत नाही.

पण मी दिला, आणि बिनधास्त दिला. पोरगं गेम खेळणारच असेल तर गिफ्ट कार्ड बरं, पाचशे संपले की संपले. फक्त त्या अकाउंटला आईचं यूपीआय नाहीतर बापाचं कार्ड जोडलेलं राहिलं तर सगळं मुसळ केरात, म्हणून आधी ते काढायचं, प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागेल असं सेटिंग करायचं आणि मगच कोड. कोड एकदा टाकला की बॅलन्स त्याच अकाउंटला चिकटतो, दुसऱ्याला पाठवता येत नाही. आणि दुबईतल्या काकाने तिकडचा कोड पाठवला तर तो इकडच्या अकाउंटला चालत नाही, पोरं यात फार फसतात.

मोठ्यांसाठी पण सांगतो, बँका आणि वॉलेटवाले जे गिफ्ट कार्ड काढतात त्यावर रिझर्व्ह बँकेची १०,००० रुपयांची मर्यादा आहे, मुदत कमीत कमी एक वर्ष, परत रिचार्ज होत नाही आणि कॅश काढता येत नाही. दुकानाच्या स्वतःच्या कार्डाला मात्र हे नियम लागत नाहीत, तिथे मागची बारीक अक्षरं वाचायची.

आता दुकानवाले गिऱ्हाईक टिकवायला देतात ते लॉयल्टी पॉइंट. बिलाच्या काउंटरवर मोबाईल नंबर विचारतात आणि आपण पण पटकन सांगून टाकतो. समजा शंभराला एक पॉइंट आणि पॉइंटचे पंचवीस पैसे, म्हणजे चार हजाराच्या किराण्यावर दहा रुपये! त्यासाठी नको असलेली शाम्पूची बाटली उचलणारी माणसं माझ्या घरातच आहेत (नाव घेत नाही, जेवायचं आहे). जे घ्यायचंच होतं त्यावर पॉइंट मिळाले तर घ्या की, कोण नाही म्हणतं. जळगावात बायका सराफाकडे ११ महिने हप्ते भरतात ती पण लॉयल्टीच, पण तिथे शेवटी अंगावर घालायला सोनं तरी येतं.

गेमवाल्यांना गुगल प्ले पॉइंट्स २०२२ च्या नोव्हेंबरपासून भारतात आहेत, ब्रॉन्झपासून प्लॅटिनमपर्यंत लेव्हल. लेव्हल वाढवायची म्हणजे खर्च वाढवायचा, दुसरं काही नाही. वर्षभर काहीच हालचाल केली नाही तर पॉइंट उडतात. आणि गेमच गेला तर? २०२२ च्या जुलैत बीजीएमआय (पब्जीचा भारतातला अवतार) स्टोअरवरून गेला तो २०२३ च्या मे मध्ये परत आला, तोवर पोरांच्या यूसीचं (गेममधली विकत घेतलेली नाणी) आणि स्किनचं (पात्रांचे, बंदुकांचे पोशाख) काय होणार कोणालाच सांगता येत नव्हतं.

"फ्री कोड जनरेटर"वाल्या साईटवर लॉगिन टाकू नका भो, आयडी जाईल. आणि साहेबाचा फोटो लावून कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर अर्जंट गिफ्ट कार्ड मागितलं तर आधी साहेबाला फोन लावा. पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नका, लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा.