हळदीचे तळवे

१३ मे, सकाळचे साडेनऊ

नाईट करून आले. आंघोळ झाली, चहा झाला, झोपेचा पत्ता नाही. अंग पलंगावर आणि डोकं वॉर्डात, म्हणून लिहायला बसले.

काल १२ मे, परिचारिका दिन. दुपारी केक कापला, गुलाब वाटले, फोटो निघाले. मी घरी झोपले होते. माझ्या वाटचा गुलाब रात्री ड्युटीवर गेल्यावर इंजेक्शनच्या ट्रेमध्ये सापडला, मान टाकलेला. वॉर्डात पेशंट ३२, सिस्टर दोन. नर्सिंग कौन्सिलच्या हिशेबाने साध्या वॉर्डात पाच पेशंटमागे एक सिस्टर हवी, हे परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते!

पण काल शेजारच्या वॉर्डातला ब्रदर मदतीला दिला होता. दोनाच्या तीन झालो.

अडीचच्या सुमारास नवी सिस्टर हळूच म्हणाली, "ताई, चौदा नंबरच्या आजींना कावीळ असंल का? तळवे बघा." खरंच पिवळेजर्द. टॉर्च मारून पापणी खाली ओढली, तर डोळे पांढरेस्वच्छ.

"आजी, काम काय करता?"

"यार्डात हळद निवडती की. आता रगत बी पिवळंच निघंल माजं."

त्यांचं सलाईन बंद पडलं होतं. आधी तीनदा टोचून झालेलं, मनगटाजवळ काळंनिळं. एरवी मी उभ्याउभ्याच चौथ्यांदा टोचलं असतं. काल स्टूल ओढलं. टॉवेल गरम पाण्यात पिळून हाताला गुंडाळला, हात पलंगाखाली सोडायला सांगितला आणि पाच मिनिटं नुसती बसले. आजी भावाबद्दल बोलत होत्या, हळदीच्या आणि धाकट्या भावाच्याही. मग कोपराखाली एक शीर वर आली. निळी, २२ नंबरची सुई, पहिल्याच झटक्यात. "कळ्ळंबी न्हाई गं," म्हणाल्या.

एवढ्यावर मी सकाळी गाणं गुणगुणत गाडी चालवली. विश्रामबागच्या सिग्नलला शेजारचा माणूस वळून बघत होता.

गेल्या हिवाळ्यात मी राजीनामा लिहून मोबाईलमध्ये ठेवला होता. कारण विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा कितीतरी दिवस घर दिसलं नव्हतं. पाठोपाठ कोरोना. तेव्हा नोकरी सोडायचं मनातही आलं नाही. आणि साध्या, शांत हिवाळ्यात आलं. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच २०१९ साली 'बर्नआउट'ची व्याख्या केली. तो आजार नव्हे, कामाच्या ठिकाणी साचत गेलेल्या ताणाचा परिणाम म्हणे. थकवा, कामाबद्दल तुटलेपण, आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना. थकवा शिकत असल्यापासून आहे, त्याची सवय झालीय. मला भीती वाटली ती माणसं बेड नंबर झाली तेव्हा. (वर 'चौदा नंबरच्या आजी' लिहिलंय. असो.)

पुरात काम बेसुमार होतं, पण हातातलं पुरं व्हायचं. हिवाळ्यात औषधं वेळेवर, कागद पूर्ण, आणि रोज कुणाची तरी कूस बदलायची राहिलेली, कुणाच्या मुलाला "थांबा जरा" म्हणून सांगितलेलं, ते थांबणं सकाळपर्यंत. गाडीवरून घरी येताना तेच आठवायचं.

मध्ये आम्हाला ताणतणावावर लेक्चर झालं. दीर्घ श्वास घ्या म्हणाले. लेक्चर माझ्या ऑफच्या दिवशी होतं.

दुपारी उठले की इन-चार्ज सिस्टरना फोन करायचा. नवी ड्युटी लिस्ट लागायच्या आत सांगायचं, की नाईटला तिसरं माणूस कायमचं द्या. गुलाब नाही दिला तरी चालेल.

आणि मावशींचीही माफी मागायचीय. वॉर्डातल्या पांढऱ्या टॉवेलवर पाच पिवळी बोटं उठलीत, धुतल्याने निघत नाहीत.