पॉलिगॉन की मल्टिपॉलिगॉन? रकाना आधी ठरवा

सिंधुदुर्ग जिल्ह्याची सीमा एका पॉलिगॉनमध्ये, म्हणजे एकाच बंद आकृतीत, मावत नाही. मालवणसमोर कुरटे बेटावर किल्ला आहे, म्हणजे जमिनीचे किमान दोन सुटे तुकडे झाले. पोस्टजीआयएसमध्ये (नकाशाच्या आकृत्या साठवणारा डेटाबेस) रकाना पॉलिगॉन प्रकाराचा असेल तर हा जिल्हा आत शिरणारच नाही. उलट रकाना मल्टिपॉलिगॉनचा (अनेक सुट्या पॉलिगॉनचा संच) आणि येणारी आकृती साधा पॉलिगॉन असली, तरी एरर तोच. म्हणून सीमांचा रकाना सरसकट मल्टिपॉलिगॉन, एसआरआयडी (निर्देशांक पद्धतीचा क्रमांक) ४३२६, म्हणजे अंशांतले अक्षांश-रेखांश, असा ठेवावा आणि प्रत्येक आकृती एसटी_मल्टी या फंक्शनमधून (ते साध्या आकृतीची मल्टी करतं) काढून मगच भरावी. शेपफाइल या नकाशाच्या फाइल-प्रकारात हा भेदच नसतो, एकाच फाइलमध्ये दोन्ही निघतात. ती ओजीआर२ओजीआर या रूपांतराच्या साधनाने भरताना आकृतीचा प्रकार ठरवणाऱ्या एनएलटी पर्यायाला 'प्रमोट_टू_मल्टी' द्यायचं.

या कटकटीला कंटाळून काही जण रकाना नुसता 'जिऑमेट्री', म्हणजे कोणतीही आकृती चालेल असा, ठेवतात. मग विहिरी, रस्ते, जमिनीचे गट सगळं एकाच टेबलात. गंमत अशी की एरर कुठेच येत नाही. रेषेचं क्षेत्रफळ विचारलं तर शून्य, पॉलिगॉनची लांबी विचारली तरी शून्य, आणि बेरजेत ते शून्य कोणाला दिसतही नाही. माझं मत स्पष्ट आहे: बिंदू, रेषा, पॉलिगॉन यांची टेबलं वेगळी.

हाताने काढलेल्या सीमांमध्ये कडा स्वतःलाच छेदतात. एसटी_मेकव्हॅलिड ते दुरुस्त करतं, पण कधी कधी उत्तर म्हणून पॉलिगॉन आणि रेषा मिळून जिऑमेट्री-कलेक्शन देतं, आणि रकाना ते नाकारतो. अशा वेळी एसटी_कलेक्शनएक्स्ट्रॅक्टला ३ हा आकडा द्या (१ बिंदू, २ रेषा, ३ पॉलिगॉन), त्यावर पुन्हा एसटी_मल्टी. हातात रिकामी आकृती तर आली नाही ना, हे एसटी_इजएम्प्टीने बघा. मूळ आकृती वेगळ्या रकान्यात जपून ठेवा, कारण गाळलेली रेषा परत मिळत नाही.

जिओजेसन या फाइल-प्रकारात आधी रेखांश, मग अक्षांश. पुण्याचे १८.५२ आणि ७३.८६ उलटे पडले तर पुणे नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाकडच्या समुद्रात जातं. आकडे दोन्ही वैध, त्यामुळे तक्रार कोणी करत नाही. आपल्या राज्याची चौकट घालून तपासणी लावली की हे लगेच पकडता येतं. पॉलिगॉनचं कडं बंद हवं: पहिला आणि शेवटचा बिंदू एकच, म्हणजे त्रिकोणालाही चार बिंदू लागतात.

४३२६ मध्ये क्षेत्रफळ काढलं तर ते चौरस अंशांत येतं, त्याचा उपयोग शून्य. यूटीएम (मीटरमध्ये मोजणारी, पट्ट्यांत विभागलेली पद्धत) घ्यावं तर ७८ अंश रेखांशावर पट्टा बदलतो: पुणे ४३ मध्ये, नागपूर ४४ मध्ये. राज्यभराचा डेटा असेल तर आकृती जिऑग्राफी प्रकारात (पृथ्वीच्या गोलाईवर मीटरमध्ये मोजणारा) बदलून क्षेत्रफळ काढणं सोपं. चौरस मीटरला १०,००० ने भागलं की हेक्टर.

नकाशावर नाव टाकायला मात्र एसटी_सेंट्रॉइड (आकृतीचा मध्यबिंदू) नको. चंद्रकोरीसारख्या आकाराच्या गावात तो बिंदू शेजारच्या गावात पडतो. एसटी_पॉइंटऑनसरफेस वापरा, त्याचा बिंदू आकृतीच्या आतच पडतो.