शेवट आवडला नाही म्हणे!

आज दादा आणि आईबरोबर कोएन बंधूंचा २००७ चा 'नो कंट्री फॉर ओल्ड मेन' हा सिनेमा पाहिला. (पाहिला नसेल तर पुढे वाचू नका.) १९८० चं पश्चिम टेक्सास, पैशांची बॅग घेऊन पळणारा मॉस, मागावर मारेकरी शिगर. पार्श्वसंगीत जवळपास नाहीच, पावलांच्या आवाजानेच धडकी भरते. पण मॉस पडद्याबाहेर मरतो आणि शेवटी शेरीफ बेल स्वप्नं सांगत बसतो. दादा चिडलाच, "ही फसवणूक आहे!" बऱ्याच प्रेक्षकांचं हेच मत. मला नाही पटत. जुन्या वेस्टर्नमध्ये, म्हणजे काउबॉयपटांत, शेरीफ समोर उभा ठाकतो, हिशेब मिटतो. इथे बेल कायम उशिरा पोहोचतो. बेल झालेल्या टॉमी ली जोन्सच्या चेहऱ्यावरची ती हार कुठल्याही चकमकीपेक्षा खोल लागते. आई म्हणाली, मॉसच्या बायकोचं काय झालं ते तरी दाखवायचं! अगं, शिगर तिच्या घरातून बाहेर येऊन बुटांचे तळ बघतो, रक्त लागलंय का म्हणून, त्यातच आलं की सगळं.