हस्ते चिरंजीव

दरवर्षी गणपतीत आमच्या सोसायटीच्या प्रसादाच्या पुड्या मी बांधतो. पंचखाद्याच्या, दोनशे-सव्वादोनशे. बाकीची मंडळी प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि स्टेपलर घेऊन बसतात, मी खाकी कागद आणि पांढरा दोरा घेऊन. आणि दरवर्षी कोणी ना कोणी विचारतंच, "काका, हे कुठं शिकलात? वाण्याकडे कामाला होतात की काय?" विचारणारा हसत असतो, म्हणून मीही हसून "हो" म्हणतो आणि तो विषय तिथंच राहतो. यंदा तुम्ही खुर्ची ओढून समोर बसलात आणि म्हणालात, "नाही, खरंच सांगा." तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. हो, होतो. चौदा दिवस. मे 1973, सांगली, गावभाग.

दुकान आमच्या घरापासून चार घरं सोडून. वर पाटी होती, पण पाटीवरचं नाव कोणी घेत नसे. सगळे "आप्पांचं दुकान" म्हणायचे. तीन पायऱ्या, फळ्यांचं दार. प्रत्येक फळीवर आकडा, आणि सकाळी त्या आकड्याच्या क्रमाने काढायच्या. आत गेलं की आधी वास यायचा. सांगलीतल्या वाण्याच्या दुकानात हळद आणि गूळ हे दोन वास बाकीच्यांना वर येऊ द्यायचे नाहीत. त्यांच्या खाली कुठंतरी हिंग, रॉकेल, 501 बारचा साबण. पोती तोंडं दुमडून मांडलेली. आप्पा गादीवर, डोक्यावर टोपी, समोर दांडीचा तराजू. दांडीला एका बाजूला सुतळीने बांधलेला एक लहानसा गोटा. तो पासंग, दोन्ही पारडी सारखी राहावीत म्हणून. "पासंगालाही पुरणार नाही" असं आजोबा कोणाकोणाबद्दल म्हणायचे, ते म्हणजे काय, हे मला त्या गोट्याकडे बघून कळलं.

ज्वारी मापाने द्यायची तेव्हा आप्पा मोजताना "एक" म्हणत नसत. "लाभ, दोन, तीन, चार..." एखादी वस्तू नसेल तर "नाही" किंवा "संपली" असा शब्द त्यांच्या तोंडून यायचा नाही. "साखर वाढलीय, उद्या या." दिवेलागणीनंतर सुई मागितली तर ऐकू न आल्यासारखं करायचे. आणि रात्री फळ्या लावताना, "दुकान वाढवतो आता." मी लहान असताना रोज सकाळी जाऊन बघायचो, किती वाढलं ते.

आमच्या आजीचा आणि त्यांचा एक कायमचा तंटा होता. नवी वजनं येऊन दहा-अकरा वर्षं झाली होती, पण आजी शेवटपर्यंत पावशेरच मागायची. आप्पा पाव किलोचं वजन टाकायचे आणि भाव ऐकून आजी म्हणायची, पूर्वी पावशेराला इतके पडत नव्हते. मग आप्पा समजावत. शेर म्हणजे 933 ग्रॅम, त्याचा पाव 233, आणि मी देतो अडीचशे. सतरा ग्रॅम जास्त, त्याचे पैसे नकोत का? आजी म्हणायची, "मी मागितले होते का सतरा ग्रॅम?" याला आप्पांकडे उत्तर नव्हतं. आपल्याकडेही नाही.

आता मूळ गोष्ट. आमचं खातं होतं. आजोबा सांगली संस्थानच्या कचेरीत कारकून होते. 1948 साली संस्थान विलीन झालं तशी नोकरी सरकारात गेली आणि पुढे पेन्शन सुरू झालं. पेन्शनवाल्या घराला आप्पा डोळे मिटून उधार देत. महिनाभर माल न्यायचा, पेन्शन झालं की आजोबा जाऊन चुकता करायचे. घरातलं कोणीही जाऊन "मांडून ठेवा" म्हटलं की काम झालं. मी अकरा वर्षांचा होतो आणि लिमलेटच्या गोळ्यांची बरणी माझ्या डोळ्यांच्या बरोबर रेषेत होती. एके दिवशी आईने चहाची पूड आणायला पाठवलं, ती घेतली, आणि वर म्हणालो, "आणि पाच पैशांच्या लिमलेट. मांडून ठेवा." आप्पांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, गोळ्या दिल्या आणि वहीत लिहिलं.

ते काय लिहितात हे मी पायाच्या चवड्यांवर उभं राहून बघितलं होतं. मला एक अक्षर लागेना. आप्पा मोडी लिपीत लिहायचे. आधी पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ, मग त्या रेघेला लोंबकळणारी अक्षरं, लेखणी जवळजवळ न उचलता, एकाचा पाय दुसऱ्याच्या डोक्यात. आमच्या शाळेत मोडी नव्हती, वडिलांना येत नव्हती. मी अशी समजूत करून घेतली की हे वाण्यांचं आपसातलं लिखाण आहे आणि त्यातलं घरी कोणाला कळायचं नाही. संस्थानच्या कचेरीतला कारकून आयुष्यभर काय लिहीत असेल, हा विचार डोक्यात आला नाही. फेब्रुवारी ते एप्रिल मी मांडत गेलो. तीन महिने काही झालं नाही म्हणून तर मला जास्तच खात्री वाटायला लागली. (आजोबांना पहिल्या महिन्यातच कळलं होतं. पोराची मजल कुठवर जाते ते ते बघत होते, असं पुढे आजीकडून कळलं.)

एप्रिलच्या अखेरीला आजोबा आप्पांची वही घरी घेऊन आले. रात्रीची जेवणं झाल्यावर सगळ्यांना बसवलं आणि कचेरीत वाचावं तसं सावकाश वाचायला सुरुवात केली. "तूरडाळ एक किलो, हस्ते सौ. सूनबाई. गूळ अर्धा किलो, हस्ते खुद्द. लिमलेट गोळ्या, पाच पैसे, हस्ते चिरंजीव." वहीत माल कोणाच्या हाती दिला हेही लिहितात, हे मला त्या रात्री कळलं. थोड्या वेळाने परत "हस्ते चिरंजीव". मग पुन्हा. आई पदर तोंडाला लावून बसली होती, ती रडत होती की हसत होती ते मला आजही सांगता येणार नाही. एकूण एक रुपया चाळीस पैसे.

मारलं नाही. दुसऱ्या दिवशी हाताला धरून दुकानात नेलं आणि म्हणाले, "आप्पा, बाकीचे पैसे हे घ्या. हे एक रुपया चाळीस माझ्याकडून येणार नाहीत. ज्याच्या हस्ते गेले त्याच्याकडून फेडून घ्या." आप्पा म्हणाले, "असू द्या हो रावसाहेब, पोरगं आहे." आजोबा म्हणाले, "म्हणूनच." मग आप्पांनी दर सांगितला. शंभर पुड्यांना दहा पैसे.

चौदाशे पुड्या. पहिल्या दिवशी चाळीस झाल्या आणि त्यांतल्या पंचवीस आप्पांनी सोडून परत माझ्यापुढे टाकल्या.

पुडीचं असं आहे. कागदाचा कोपरा आपल्याकडे करायचा. माल मधोमध नाही, जरा अलीकडे. जवळचा कोपरा मालावर टाकून आत दाबायचा, दोन्ही बाजू आत घ्यायच्या, मग पुढे लोटत न्यायचं आणि उरलेलं टोक खाचेत खोचायचं. कानाशी हलवून बघायची. आवाज आला म्हणजे आत हवा राहिली, आणि हवा राहिलेली पुडी वाटेत सुटते. दोऱ्याचं रीळ छताला टांगलेलं असायचं. दोरा खाली ओढायचा, पुडीला एक उभा वेढा, वळवून एक आडवा, आणि मग तोडायचा. कात्री नाही. दोरा तर्जनीभोवती घ्यायचा, एका ठिकाणी दोऱ्यावर दोरा आडवा येऊ द्यायचा आणि हिसका मारायचा. दोरा दोऱ्यानेच तुटतो. बोटाच्या जोरावर तोडायला गेलं की बोट कापतं, आणि माझं पहिले चार दिवस कापत होतं. पाचव्या दिवशी एकदम जमलं. सायकल जशी एकदम येते तसं. नंतर विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही.

ते दुष्काळाचं वर्ष होतं, 1972 चा पाऊस गेलेला. गावभागात राहणाऱ्या आम्हाला दुष्काळ तसा लांबूनच माहीत. कृष्णा आटली होती तरी नळाला पाणी यायचं. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, मिळायचा, त्याच्या भाकरीला नावं ठेवून आम्ही ती खायचो, एवढंच. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडची माणसं काम शोधत सांगलीत आली होती. दुकानाच्या पायरीवर बसल्यावर ती मला दिसायला लागली. संध्याकाळी यायची. पायरीच्या वर चढत नसत, खालूनच हात पुढे. त्यांना खातं नव्हतं. रोख नाणं आधी, माल मागून. ती किलो किंवा पावशेर मागत नसत, पैशांनी मागायची. चार आण्याची साखर, दहा पैशांची चहापूड, छोट्या बाटलीत पळीभर तेल. मी दिवसभर बांधत होतो त्या पुड्या यांच्यासाठी होत्या. आमच्यासारख्या खातेदारांच्या घरी तर डाळ-साखर पिशवीतून जायची.

एका किलो साखरेच्या चार आण्यांच्या सोळा पुड्या होत. मला गणितात गती होती. सोळा चोक चौसष्ट आणे, म्हणजे चार रुपये; आणि किलोचा भाव, जो आमच्या वहीत मांडला जायचा, त्याहून तीस-चाळीस पैशांनी कमी. दोन दिवस मनात ठेवून मी तिसऱ्या दिवशी आप्पांना विचारलं, यांना महाग का? आप्पा चिडले नाहीत. म्हणाले, "अरे, कागद लागतो, दोरा लागतो, तुझी मजुरी लागते. ती कोण देणार?" मी गप्प बसलो, पण हिशोब तोंडावर आला होता. सोळा पुड्यांची माझी मजुरी दोन पैसेसुद्धा होत नव्हती.

आप्पा लबाड होते असं मला म्हणायचं नाही. कागदावर काही तोलायचं झालं तर तेवढाच कागद दुसऱ्या पारड्यात टाकणारा माणूस तो. कोणाच्या घरी कोणी वारलेलं असेल तर पहिले तेरा दिवस त्या घराकडे पैशांचा शब्द काढायचा नाही, हेही मी बघितलंय. पण टोके (किडे) लागलेली डाळ कोणाला द्यायची आणि कोणाला नाही, हेही त्यांना पक्कं माहीत होतं. पूर्वीच्या वाण्यांबद्दल लोक गहिवरून बोलतात ना, "काय तो विश्वास, महिनामहिना उधार," तेव्हा मला आमचं खातंही आठवतं आणि ती पायरीही. आमच्यावरचा विश्वास पेन्शनवर होता.

बाकीच्या दुकानांचं मग कधीतरी. गिरणी होती, तिथं "बाजरीवर गहू टाकू नका" हे सांगायला विसरलं की घरी बोलणी बसायची. सायकलचं दुकान होतं, तिथं तासावर सायकल मिळायची आणि परत करताना मालक आधी चाकाकडे बघायचा, मग माझ्या गुडघ्याकडे. लाकडाची वखार होती, ती गॅस आल्यावर गेली. ही सगळी मला आवडायची, पण तिथं मी गिऱ्हाईक होतो. दुकानाची आतली बाजू मी एकच पाहिली.

दुकान अजून आहे. आप्पांचे नातू बघतात. सगळं पाकिटबंद, दारात वेफर्सच्या माळा. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी तिथं 45 आहे, तेव्हा दुकानात छताला पाणी लागलं होतं. पूर ओसरल्यावर मी पुण्याहून गेलो होतो. माळ्यावरच्या जुन्या चोपड्यांचं विचारलं तर नातू म्हणाले, लगदा झाला होता, चिखलाबरोबर ट्रॅक्टरने गेला. लोखंडी वजनं तेवढी राहिली होती, षटकोनी, खालच्या भोकातल्या शिशावर शिक्के. गंज घासून त्यांनी ती ओळीने मांडून ठेवली होती. पासंगाचा गोटा कोणाला माहीत नव्हता. दिसायला साधा दगडच तो.

चौदाव्या दिवशी आप्पांनी माझ्या पुड्यांचा हिशोब काढला. चौदाशे तीस. जोरात होतो, मोजायचं भान राहिलं नाही. त्यांनी वही उघडली, रेघ ओढली, एक रुपया चाळीस जमा लिहिले आणि म्हणाले, "तीस जास्त झाल्या. तीन पैसे आप्पाकडे येणं." बरणीकडे बोट केलं. "लिमलेट घेतोस? पाच पैशांच्या. दोन पैसे मांडून ठेवतो तुझ्या नावावर."

मी तीन पैसे मागितले. त्यांनी गल्ला चाळून ॲल्युमिनियमचं षटकोनी तीन पैशांचं एकच नाणं काढलं, माझ्या हातावर ठेवलं आणि वहीत खाली वाकून लिहिलं. काय लिहिलं ते मला वाचता आलं नाही.