एबीएसचा आयत घरच्या घरी: झोन नव्याने आखला, आता चॅलेंजचा हिशेब

मागच्या नोंदीत बेसबॉलच्या स्ट्राइक झोनचा आलेख काढला होता (झोन म्हणजे ज्या जागेतून गेलेला पिचरचा चेंडू न मारताही स्ट्राइक ठरतो ती, बाहेरून गेला तर बॉल); तो आता बाजूला ठेवा. डेटा तोच आहे, २०२५चा अख्खा हंगाम, पण मोजायची पट्टी बदलते आहे. २३ सप्टेंबर २०२५ रोजी एमएलबी या अमेरिकेतल्या मुख्य बेसबॉल लीगच्या स्पर्धा समितीने एबीएस, म्हणजे बॉल-स्ट्राइक ठरवणाऱ्या यंत्राकडे दाद मागायचं चॅलेंज मंजूर केलं आणि २०२६पासून मुख्य लीगमध्ये बॉल-स्ट्राइकचा निर्णय खेळाडूला तिथल्या तिथे फिरवून घेता येईल. अंपायर किती चुकतो हे मोजत बसणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी यातली खरी मेख अशी, की यंत्र जो झोन बघतं तो नियमपुस्तकातला झोन नव्हे. त्यामुळे अचूकतेचे सगळे जुने तक्ते पुन्हा काढावे लागणार. मी काढायला घेतलेत. कुठवर आलोय ते लिहितो.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. प्रत्येक संघाला दोन चॅलेंज. जिंकलं तर शिल्लक राहतं, हरलं तर गेलं. मागायचा हक्क फक्त बॅटर, पिचर आणि कॅचर यांना, तोही लगेच, टोपीवर किंवा हेल्मेटवर टिचकी मारून. डगआउटमधून खाणाखुणा चालत नाहीत. दोन्ही गमावून बसलेल्या संघाला जादा इनिंग सुरू होताना एक मिळतं. हॉक-आयचे बारा कॅमेरे चेंडूचा मार्ग टिपतात आणि निकाल मैदानातल्या पडद्यावर येतो. २०२५च्या स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये, म्हणजे हंगामाआधीच्या सराव सामन्यांत, चाचणी झाली तेव्हा एका चॅलेंजला सरासरी १३.८ सेकंद लागले. डीआरएसमध्ये तिसरा अंपायर अल्ट्राएज पुढेमागे करत बसतो तेव्हा आपला चहा होऊन जातो, त्या मानाने हे काहीच नाही.

आयत

नियमपुस्तकातला झोन म्हणजे होम प्लेटच्या (बॅटरशेजारी जमिनीत बसवलेल्या पाटीच्या) आकाराची, तिच्यावर अधांतरी उभी असलेली पेटी. चेंडूचा कुठलाही भाग तिला कुठेही शिवला की स्ट्राइक. एबीएसमध्ये पेटी नाही, चपटा आयत आहे: १७ इंच रुंद, आणि प्लेटच्या बरोबर मध्यावर, म्हणजे पुढच्या कडेपासून साडेआठ इंच मागे उभा केलेला. पेटी का सोडली याचं कारण पटण्यासारखं आहे. खाली बुडणारा कर्व्ह पेटीची पुढची खालची कड खरवडतो आणि कॅचरकडे पोचेपर्यंत जवळजवळ मातीला टेकतो. कागदावर तो स्ट्राइक, पण मैदानावर कुणालाच तो स्ट्राइक वाटत नाही, पिचरलाही नाही.

आपली अडचण इथेच सुरू होते. बेसबॉल सॅव्हंट या एमएलबीच्या आकडेवारीच्या साइटवरून पायबेसबॉल या पायथन लायब्ररीने डेटा उतरवला की प्रत्येक पिचमागे प्लेट-एक्स (चेंडूची आडवी जागा) आणि प्लेट-झेड (उंची) मिळतात, पण ते चेंडू प्लेटच्या पुढच्या कडेवर असतानाचे. आयत त्याच्या साडेआठ इंच मागे. तेवढ्यात चेंडू आणखी खाली आलेला असतो.

किती खाली? साधारण पाच अंशांनी उतरणारा फास्टबॉल या अंतरात पाऊण इंच खाली येतो. दहा अंशांनी कोसळणारा कर्व्ह दीड इंच. चेंडूची त्रिज्या साधारण १.४५ इंच आहे हे लक्षात घेतलं की दीड इंच म्हणजे काय ते कळतं. खालच्या कडेवरचे कितीतरी कर्व्ह जुन्या आलेखात स्ट्राइक होते, नव्यात बॉल झाले. वरच्या कडेला नेमकं उलटं घडतं: पुढच्या कडेवर झोनच्या वरून जाणारा कर्व्ह मध्यावर येईतो आत उतरतो. उंचावरून टाकलेला लुसलुशीत कर्व्ह बघून बॅटर निवांत सोडून देतो, त्या सवयीचं काय होतं ते मला एप्रिलमध्ये बघायचंय.

पद्धत सांगतो, ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी. डेटात ५० फुटांवरचा वेग आणि त्वरण तिन्ही दिशांनी दिलेलं असतं. वाय अक्षाचा शून्य प्लेटच्या मागच्या टोकावर धरलाय, म्हणजे पुढची कड १.४१७ फुटांवर आणि मध्य ०.७०८ फुटांवर. वायच्या वर्गसमीकरणातून चेंडू दोन्ही ठिकाणी केव्हा पोचतो ते काढा आणि वजाबाकी करा. फास्टबॉलसाठी हे उत्तर सेकंदाच्या हजाराव्या भागांत पाच-सहा येतं. पुढच्या कडेवरचा एक्स आणि झेड दिशेचा वेग काढून त्याला या फरकाने गुणा, त्वरणाचं अर्धं पद मिळवा आणि आलेलं उत्तर प्लेट-एक्स, प्लेट-झेडमध्ये जमा करा. रिलीज पॉइंटपासून मोजायला जाऊ नका. वेगाचे आकडे ५० फुटांवरचे असतात आणि चेंडू हातातून सुटतो तो त्याच्याही मागून, शिवाय प्रत्येक पिचरचा वेगळ्या ठिकाणाहून.

आडव्या दिशेला आयताची अर्धी रुंदी साडेआठ इंच, अधिक त्रिज्या, म्हणजे चेंडूचा मध्यबिंदू प्लेटच्या मध्यरेषेपासून ९.९५ इंचांच्या आत असला की बास. इथे स्वीपर, म्हणजे खूप आडवा वळणारा चेंडू टाकणाऱ्यांची गंमत आहे. आडवा सरकणारा चेंडू पुढच्या कडेवर बाहेर आणि मध्यावर आत, किंवा उलट. उजव्या-डाव्या बॅटरप्रमाणे वेगळं करून मगच आलेख काढा, नाहीतर दोन्ही परिणाम एकमेकांत मिसळून पुसले जातात.

उंची

वरची कड बॅटरच्या उंचीच्या ५३.५ टक्क्यांवर, खालची २७ टक्क्यांवर. संपलं. पवित्रा नाही, गुडघे नाहीत, पँटचा पट्टा नाही.

२०२५च्या डेटातले झोन-टॉप आणि झोन-बॉटम हे रकाने प्रत्येक पिचला थोडे हलतात, म्हणून ते मी पूर्ण काढून टाकले आणि खेळाडूंच्या नोंदलेल्या उंचीवरून नवे रकाने बनवले. ॲरन जज ६ फूट ७ इंच: त्याचा झोन २१.३ इंचांवर सुरू होतो, ४२.३ला संपतो. होजे आल्तुवे ५ फूट ६ इंच: १७.८ ते ३५.३. जजचा झोन उभा २०.९ इंच, आल्तुवेचा १७.५. गेली कित्येक वर्षं जजला गुडघ्याखालचे स्ट्राइक मिळत आलेत अशी त्याच्या चाहत्यांची ओरड आहे. २१.३ इंचांची रेघ आलेखावर मारली की ती ओरड उगाच नव्हती हे दिसतं.

नोंदलेल्या उंचीवर मात्र फार विसंबू नका. बेसबॉलमध्ये उंची वाढवून सांगायची जुनी रीत आहे. आता खेळाडूंना बूट काढून अधिकृतपणे मोजणार म्हटल्यावर बरेच जण आखडणार. एक इंच उंची कमी झाली की वरची कड अर्ध्या इंचापेक्षा जरा जास्त खाली येते, म्हणजे फायदाच. इतकी वर्षं छाती काढून उंची सांगणारे आता मान घालून उभे राहणार.

थोडं विषयांतर. जुना बॅटर रिकी हेंडरसन इतका वाकून उभा राहायचा की पिचरला झोन शोधावा लागे. एबीएससमोर त्याच्या वाकण्याला शून्य किंमत असती: ५ फूट १० इंच, झोन १८.९ ते ३७.५, उभा राहा नाहीतर बसा. आणि १९ ऑगस्ट १९५१ला संघमालक बिल व्हेकने सेंट लुइस ब्राउन्सकडून डेट्रॉइटविरुद्ध उतरवलेला एडी गेडेल, उंची ३ फूट ७ इंच? त्याचा एबीएस झोन ११.६ ते २३ इंच, जेमतेम साडेअकरा इंचांची फट. त्या दिवशी चार चेंडूंत चार बॉल पडले होते. आजच्या पिचरचंही वेगळं काही झालं असतं असं वाटत नाही.

अंपायरचा झोन कसा दिसतो

नवा आयत घेऊन २०२५चे निर्णय त्यावर टाकले. ज्या रेषेवर स्ट्राइक मिळायची शक्यता निम्मी असते ती रेषा काढली की आयत येत नाही, कोपरे घासून गेलेला लंबगोल येतो. हे जुनंच निरीक्षण आहे, अनेकांनी काढलंय. काउंटप्रमाणे (आधी बॉल, मग स्ट्राइक किती झाले; चार बॉलला बॅटरला फुकट बेस म्हणजे वॉक, तीन स्ट्राइकला बाद) वेगळं केलं की तो लंबगोल श्वास घेतो: ३-०ला अंपायर सढळ, ०-२ला हात आखडता. माणूस आहे, पुढच्या चेंडूवर बॅटर बाद होणार असेल तर त्याची जीभ अडखळते.

चॅलेंजच्या दृष्टीने ही माहिती सोन्याची आहे. ०-२ला झोनमध्ये असून बॉल दिलेले चेंडू जास्त, म्हणजे तिथे कॅचरने हात वर न्यायला हरकत नाही. १५ जुलै २०२५च्या ऑल-स्टार सामन्यात पहिलं चॅलेंज नेमकं असंच झालं. अटलांटात पहिल्याच इनिंगमध्ये पिचर तारिक स्कुबलचा चेंजअप (फसवा संथ चेंडू) बॅटर मॅनी मचाडोला, काउंट ०-२, अंपायरने बॉल दिला, कॅचर कॅल रॅलीने टोपीला हात लावला आणि मचाडो बाद. त्या सामन्यात पाचपैकी चार चॅलेंज यशस्वी झाले.

अंपायरवर अन्याय नको म्हणून एक गोष्ट सांगतो. लीग अंपायरचं मूल्यमापन करते तेव्हा कडेवर थोडी सूट देते. ही सूट पूर्वी दोन इंच होती, २०२५पासून पाऊण इंच झाली. म्हणजे असा चेंडू असू शकतो ज्यावर लीगच्या हिशेबात अंपायर बरोबर आणि चॅलेंज झालं तर पडद्यावर चूक. क्रिकेटमध्ये हीच फट अंपायर्स कॉलने भरलीय. एबीएसमध्ये तसं काही नाही. केसभर शिवला तरी स्ट्राइक. मला हे योग्य वाटतं, कारण डीआरएसला पॅडवर आदळलेला चेंडू पुढे कुठे गेला असता याचा अंदाज बांधावा लागतो, आणि अंदाजाला सूट हवीच. इथे चेंडू आयतातून खरंच पार झालेला असतो.

चॅलेंज कधी खर्चायचं

सध्या इथे अडकलोय, पण आनंदाने.

हिशेब सोपा आहे. जिंकायची शक्यता गुणिले मिळणारा फायदा, हे हरायची शक्यता गुणिले हातातल्या चॅलेंजच्या किमतीपेक्षा जास्त हवं. फायदा काउंटवर ठरतो. ०-०ला बॉल आणि स्ट्राइक यांच्यातला फरक साधारण ०.०८ धावेचा. ३-२ला एका बाजूला वॉक, दुसऱ्या बाजूला आउट, म्हणजे साधारण ०.६ धाव. बेसेस भरलेले, दोन आउट, ३-२: वॉक मिळाला तर एक धाव आत आणि पुढची सुमारे ०.७५ची आशा शिल्लक, नाहीतर इनिंग खल्लास. पावणेदोन धावांचा निर्णय.

हातातल्या एका चॅलेंजची किंमत मी सध्या ०.१ धाव धरलीय. हा माझा अंदाज, तुम्ही वेगळा धरा. तेवढ्यावर ०-०ला किमान ५६ टक्के खात्री हवी. ३-२ला १४ टक्के पुरे. आता हे स्प्रिंग ट्रेनिंगच्या आकड्यांशेजारी ठेवा: कॅचरचं यश ५६ टक्के, बॅटरचं ५०, पिचरचं ४१. पिचरने पहिल्या चेंडूवर टोपीला हात लावणं म्हणजे उघड तोटा. बऱ्याच संघांत पिचरला हात बांधून ठेवायला सांगतील असा माझा होरा आहे. साठ फुटांवरून, हात फिरवून झाल्यावर, डोकं एका बाजूला झुकलेलं असताना कडेचा चेंडू ओळखायचा, तेही स्वतःच्या चेंडूवरच्या प्रेमासकट!

किंमत ०.१ कायम राहत नाही हा पुढचा गुंता. दोन हातात असताना एकाची किंमत कमी, शेवटच्याची जास्त, आणि नवव्या इनिंगमध्ये दोन आउट झाल्यावर ती शून्याकडे घसरते. म्हणून मी आता शेवटच्या चेंडूपासून मागे येत तक्ता भरतोय: इनिंग, आउट, बेस, काउंट आणि शिल्लक चॅलेंज. लॅपटॉपचा पंखा रात्रभर घरघरतो. घरच्यांनी त्याला बाल्कनीत हलवलंय.

कॅचरच्या फ्रेमिंगचं, म्हणजे कडेचा चेंडू हातमोज्याने अलगद आत घेऊन स्ट्राइक भासवण्याचं काय, असा प्रश्न येतोच. चॅलेंज पद्धतीत ते मरत नाही. सामन्यातले बहुतेक कडेचे चेंडू चॅलेंजशिवायच जातात. स्प्रिंगमध्ये दोन्ही संघ मिळून सरासरी ४.१ चॅलेंज होती. पॅट्रिक बेलीसारख्या फ्रेमिंगमध्ये तरबेज कॅचरची किंमत थोडी घटेल, संपणार नाही. उलट बॅटर त्याच्या हाताला फसून चॅलेंज वाया घालवेल तोही फायदाच. पूर्ण यंत्राने निर्णय दिला तर मात्र हे कौशल्य एका दिवसात भंगारात.

पूर्ण यंत्राचा प्रयोग कोरियात चालू आहे. केबीओ या तिथल्या लीगने २०२४पासून प्रत्येक चेंडू यंत्रावर सोपवला; अंपायर कानातला निकाल ऐकून हात वर करतो. २०२५ला त्यांनी झोन जरा खाली सरकवला, म्हणजे टक्केवारी तिथेही दगडावरची रेघ नाही. एप्रिल २०२४मध्ये देगूच्या सामन्यात यंत्राने स्ट्राइक दिला, अंपायरने बॉल, आणि आपण बॉलच ऐकला असं सांगू या, अशी अंपायरांची आपसातली कुजबुज प्रक्षेपणात ऐकू गेली. एकाचं कंत्राट रद्द झालं. यंत्र आणलं तरी माणसाला मध्ये ठेवलं की गोष्टी घडतातच. मला चॅलेंजचा मध्यममार्ग बरा वाटतो, आणि त्यातला निम्मा स्वार्थ असा की यात हिशेब करायला जास्त मजा आहे.

पुढचं काम: ट्रिपल-एचा, म्हणजे एमएलबीच्या लगेच खालच्या पातळीच्या लीगचा डेटा. तिथे २०२३पासून सगळ्या मैदानांवर एबीएस आहे आणि जून २०२४पासून फक्त चॅलेंज पद्धत, त्यामुळे माझा ०.१चा आकडा तिथे तपासता येईल. नोंदींमधल्या वर्णनावरून चॅलेंज वेगळं काढायचं काम किचकट आहे. कुणी आधी केलं असेल तर कळवा, कोड मागे-पुढे पाठवू. तोवर मी डाव्या बॅटरच्या खालच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून सुरू करतो, तिथे आलेख सगळ्यात जास्त वाकडा आलाय.