ताडपत्रीवरचा कागद

आमच्या शाळेच्या भिंतींवर प्लास्टिकविरोधी चित्रं होती. मुख्याध्यापिका म्हणून मीच ती हौसेनं काढून घेतलेली. त्या दिवशी आठवीच्या मुलांनी एका दिवसाचा सगळा कचरा मैदानात ताडपत्रीवर ओतला. हातमोजे घालून वेगळा केला, मग वजनकाट्यावर ठेवला.

प्लास्टिक किलोभरही भरलं नाही. डब्यांतलं उष्टंखरकटं मात्र ११ किलो! असा ओला कचरा डेपोत ढिगाखाली दबला की हवेवाचून सडतो आणि मिथेन सुटतो. १०० वर्षांच्या हिशेबानं हा वायू तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या २५ पटींहून जास्त तापमानवाढ करतो. वाळक्या पाल्यात मिसळून अधूनमधून वरखाली केला, तर त्याच कचऱ्याचं खत होतं. वर्गात हे मी कितीदा शिकवलं होतं. शाळेत खताचा खड्डा मात्र नव्हता.

तिसरा ढीग कागदाचा. त्यातले चारपाच कागद एका मुलीनं माझ्यासमोर धरले.

"मॅडम, ही सही तुमचीच ना?"

माझ्या कार्यालयातून निघालेल्या सूचना होत्या त्या. प्रत्येक वर्गाला वेगळी प्रत, एकाच बाजूला छापलेली.

मी काही बोलायच्या आत झाडलोट करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "रोज एवढाच निघतो, मॅडम. सगळा पाठकोरा. टाकवत नाही."

"मग सांगितलं का नाही, मावशी?"

"कुणी विचारलं नाही."

शेरी अर्नस्टीन या अमेरिकी अभ्यासक. त्यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. लोकांना माहिती देणं, त्यांचं मत विचारणं या तिच्या मधल्या पायऱ्या. निर्णयातला खरा वाटा त्यांच्याही वर. आम्ही भिंती रंगवून माहिती देण्यातच रमलो होतो. आणि जिच्या हातातून शाळेचा कण न् कण कचरा जातो, तिचं मतसुद्धा घेतलं नव्हतं. नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या शाळेत! हे मला फार लागलं, अजूनही लागतं.

त्याच आठवड्यात मुलं, शिक्षक आणि मावशी यांची समिती केली. खड्डा कुठे खणायचा, सूचना कशा द्यायच्या, हे तीच ठरवणार. इतरांसारखं माझंही एकच मत. पहिली बैठक मी शाळा सुटल्यावर ठेवली. सगळ्यांनी मान डोलावली. मावशी गप्प होत्या.

"पण तेव्हा तर मावशी वर्ग झाडत असतात ना?" सही दाखवणाऱ्या त्याच मुलीनं विचारलं.

बैठक शेवटच्या तासाला घेतली.