थंडी हापूसला हवीच, पण कधी?

हापूसला थंडी लागते हे खरं, पण थंडी पडली की मोहोर आलाच असं नाही. आधी काडी, म्हणजे फांदीचा मोहोर येणारा शेंडा, तयार हवी. पावसाळा सरताना फुटलेली तांबूस पालवी जून होईपर्यंत मोहरत नाही. ऑक्टोबरात पाऊस रेंगाळला, जमीन ओली राहिली, की कलमं पालवीच काढत बसतात आणि डिसेंबरचा मोहोर फेब्रुवारीवर जातो. मोहोर ते काढणी सुमारे चार महिने धरा. म्हणजे हा आंबा मेअखेरीस, पडलेल्या भावात आणि वळवाच्या तोंडावर हाती येतो.

पालवीला लगाम घालायला कल्टार, म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल हे वाढ रोखणारं औषध. ते १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान द्यायचं. झाडाचा विस्तार पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर मोजून सरासरी काढा. दर मीटरला ३ मिली, ३ ते ६ लिटर पाण्यात. खोड आणि विस्ताराची कड यांच्या मधोमध गोलाकार २५-३० खड्डे, १० ते १५ सेंमी खोल, त्यांत द्रावण सारखं वाटून ओता आणि बुजवा. आधी तण काढा, मुसळधार पावसात देऊ नका. दहा वर्षांखालच्या किंवा अशक्त कलमांना तर नकोच. कल्टार घातलं आणि खतात हात आखडला, की दोन-तीन वर्षांत झाड खचतं. दोष मात्र औषधाला दिला जातो.

खरी अडचण जानेवारीत. पहिल्या मोहोरावर कणी, म्हणजे अगदी बारीक फळं, धरलेली असते आणि पारा पुन्हा १५ अंशांखाली उतरून तिथेच राहतो. मग फळं असलेल्या काडीवरच नवा मोहोर येतो. हा पुनर्मोहोर. अन्नरस तिकडे वळतो, कणी-वाटाण्याएवढी फळं पिवळी पडून गळतात. बाग पांढरीशुभ्र दिसते, पण पहिलं, चांगल्या भावाचं पीक गेलेलं असतं. त्यातच कडाक्याच्या थंडीतल्या मोहोरात नर फुलंच जास्त, त्यामुळे फुलांच्या मानाने फळधारणा कमी.

उपाय जिब्रेलिक ॲसिड या संजीवकाचा: ५० पीपीएम (दहा लाख भागांत ५०), म्हणजे २० लिटर पाण्यात १ ग्रॅम. पावडर थेट पाण्यात नीट विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवा. पहिली फवारणी मोहोर पूर्ण फुलल्यावर, दुसरी फळं वाटाण्याएवढी झाल्यावर. पुनर्मोहोर दिसू लागल्यावर फवारून फारसा उपयोग नाही. ढगाळ हवेत तुडतुडे ही कीड आणि भुरी या बुरशीरोगावरही नजर हवी.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पारा ३५ च्या वर गेला की उलट उन्हाने गळ होते: फळं भाजतात, पुढे साकाही (फळाच्या आतला गर खराब होणं) वाढतो. वाटाणा अवस्थेपासून दर पंधरवड्याला झाडाला १५० ते २०० लिटर पाणी, तीन-चार वेळा, आणि बुंध्याभोवती वाळल्या गवताचं आच्छादन. मोहोर फुटण्याआधी मात्र पाणी अजिबात नको, नाहीतर पुन्हा पालवीच.